कांदीदचा तिसरा सोबती

उपहासपर कथेच्या नायकास एकटें राहण्याची मुभा नसते. शोकांतिकेचा नायक रंगभूमीवर एकटा उभा राहून आपलें दुःख सांगूं शकतो, प्रवासी एकटा हिंडूं शकतो, आणि कवीनें तर एकटेंच असावें असा संकेतच झाला आहे; परंतु ज्या लेखकास जगाची टर उडवावयाची आहे, तो आपल्या नायकाच्या डाव्या-उजव्या अंगास एक-दोन माणसें उभीं केल्यावांचून पुढें पाऊल टाकीत नाहीं. डॉन किहोटेच्या मागून सांको पांझा गाढवावर बसून येतो. चिमणरावाच्या पाठीशीं गुंड्याभाऊ दंडा घेऊन उभा असतो. सुदाम्यास बंडूनाना व पांडूतात्या यांच्यावांचून घांस गिळत नाहीं. नायक हा बहुधा कोरी पाटी असतो. तिच्यावर एका सोबत्यानें लिहावें, दुसऱ्यानें तें पुसावें, आणि पुसतांना उठणाऱ्या धुळीनें वाचकास ठसका लागावा, अशी ही योजना आहे.

या योजनेचा सर्वांत रेखीव मासला म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व्हॉल्टेअरचा 'कांदीद' ठेवीत आलों आहों. हें चिमुकलें पुस्तक इ. स. १७५९ मध्यें निघालें. (त्याच सालीं जॉन्सनचा 'रासेलस' निघाला. तो पुढें चिपळूणकर पितापुत्रांच्या हातून मराठींत आला. त्या राजपुत्राबरोबरहि इम्लाक नांवाचा बहुश्रुत सोबती आहेच.) कांदीद हा जर्मनींतील एका सरदाराच्या वाड्यांत वाढलेला भाबडा पोरगा. त्याचे गुरुजी पांग्लॉस. जें जें घडतें तें तें चांगल्यासाठींच घडतें, असा गुरुजींचा सिद्धांत. त्यांस ओंगळ रोग जडतो, लिस्बनचा भूकंप त्यांच्या डोळ्यांदेखत होतो, त्यांस फांसावर चढवितात, तेथून वांचून ते गलबतावर वल्हीं मारणारे गुलाम होतात. परंतु सिद्धांतास ओरखडा म्हणून पडत नाहीं. पुढें सुरिनाम येथें कांदीदला दुसरा सोबती मिळतो, तो मार्टिन. अत्यंत दुःखी माणसास आपण प्रवासखर्च देऊन बरोबर नेऊं, असें कांदीद जाहीर करतो, आणि जमलेल्या झुंडींतून ॲमस्टरडॅमच्या पुस्तकविक्यांकडे दहा वर्षें राबलेल्या एका पंडिताची निवड करतो. पुस्तकविक्यांकडे राबण्याइतका किळसवाणा धंदा जगांत दुसरा नाहीं, असा अभिप्राय तेथें दिलेला आहे. मासिकांसाठीं लिहिणारांनीं तो ध्यानांत ठेवावा. मार्टिनच्या मतें जगाची किल्ली सैतानाच्या हातीं आहे. पांग्लॉस वाईट घडलेलें पाहून तें चांगलें ठरवितो. मार्टिन चांगलें घडलेलें पाहून वाईटाची वाट पाहत बसतो. दोघांचेंहि उत्तर आधींच तयार असल्यामुळें दोघांसहि पुढ्यांतलें कांहीं पाहावें लागत नाहीं.

वर्गांत आम्ही सांगत असूं कीं, पांग्लॉस हा पक्ष, मार्टिन हा प्रतिपक्ष, आणि शेवटीं कांदीद वाद सोडून बागेच्या कामाकडे वळतो हा समन्वय. हें वाक्य मुलें उतरून घेत व परीक्षेंत आम्हांसच परत करीत. आपलेंच वाक्य चाळीस उत्तरपत्रिकांत चाळीस प्रकारच्या शुद्धलेखनानें वाचावें लागणें ही प्राध्यापकांसाठीं राखून ठेविलेली शिक्षा आहे. पण तें वाक्य खोटें असेल, असा संशय आम्हांस कधीं आला नाहीं.

आपल्याकडील मंडळी पाहिली तर निराळाच प्रकार दिसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त 'साक्षीदार' हा लेख लिहून मराठी विनोदाचा नवा संसार मांडला, आणि त्या संसारांत सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही त्रयी नांदूं लागली. या तिघांच्या स्वभावांत भेद असेल, परंतु मतांत नाहीं. शकुन, सोंवळें, दक्षिणा, मुहूर्त यांच्या पंगतीस तिघेहि एका ओळींत बसलेले. सुदाम्याच्या तोंडून रूढीचें समर्थन निघतें, सोबती त्यास दुजोरा देतात, आणि तें समर्थन इतकें भक्कम होत जातें कीं शेवटीं आपल्याच भारानें खालीं येतें. त्या पंगतींत विरुद्ध बोलणाराचा पाट मांडलेलाच नाहीं. तो वाचकासाठीं राखून ठेविलेला आहे. म्हणून सुदामा बदलत नाहीं. ज्याचे सोबती त्याचीच वाक्यें त्यास परत देतात, त्यानें बदलावें तरी कशानें?

चिंतामण विनायक जोशी यांनीं १९३३ च्या 'चिमणरावाचें चऱ्हाटां'त ही जुळणी बदलली. चिमणराव भित्रा, किडकिडीत, कारकुनी पेशाचा. गुंड्याभाऊ आडदांड, फटकळ, हातीं दंडा. येथें विरोध आहे, पण तो तत्त्वज्ञानाचा नव्हे, तर मनगटाचा आहे. चिमणराव विचार करीत असतो तोंवर गुंड्याभाऊनें कृति करून टाकलेली असते. ती बहुधा भलत्याच ठिकाणीं केलेली असते, ही गोष्ट वेगळी. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते. बुद्धाच्या मध्यम मार्गाची ज्यांस रोजची ओळख, त्यांनीं हीं दोन टोकें एका बिऱ्हाडांत आणून बसवावीं, याची आम्हांस नेहमीं मौज वाटत आली आहे. 'लग्न पहावं करून' या १९४० च्या बोलपटापासून पुढें दूरदर्शनपर्यंत ही जोडी महाराष्ट्रानें आपल्या घरांतली म्हणून जपली, आणि ती घरांतली आहे यांतच सर्व मर्म आहे. कांदीदनें मार्टिनला भाडें भरून गलबतावर घेतलें. नको झाला असता तर तो त्यास पुढील बंदरावर उतरवूं शकला असता. चिमणरावास गुंड्याभाऊला कोणत्या बंदरावर उतरवितां येईल? आपल्या नायकाचे सोबती नातलग, शेजारी, नाहींतर शाळासोबती असतात. त्यांच्यापासून सुटका नसल्यामुळें त्यांच्याविषयीं निर्णय करण्याचीहि जरूर पडत नाहीं. ऐकून घ्यावें, मान हालवावी आणि पानावर बसावें.

हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों. आमचेहि असे दोन सोबती आहेत. हॉस्टेलच्या एका खोलींत आम्ही तिघे चार वर्षें राहिलों, त्यास आतां पस्तीस वर्षें होतील. एक इंजिनियर झाले, दुसरे वकील. इंजिनियरांच्या मतें रस्ता, वीज आणि पाणी पोंचलें कीं माणूस सुधारतो, आणि तीं पोंचतच आहेत. वकिलांनीं जन्मभर भावाभावांचे बांधाचे खटले चालविले, त्यामुळें रस्ता झाला तर त्यावरून फिर्यादी लवकर येतील एवढीच सुधारणा त्यांस मान्य आहे. आमच्या आयुष्यांतील प्रत्येक प्रश्न या दोघांपुढें गेला. घर बांधावें कीं नाहीं, मुलीस कोणत्या शाखेस घालावें, मोतीबिंदू यंदां काढावा कीं पुढील सालीं, सर्व कांहीं. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, आमचें स्वतःचें मत ऐकण्याचा योग त्यांस लग्नापासून अद्याप आलेला नाहीं. हें आम्ही थट्टेवारी नेतों. परंतु एकदां या संवयीची किंमत दुसऱ्याच कोणीं दिली, आणि तो प्रसंग थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं.

सुमारें अठरा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळेच्या बाजूचा एक मुलगा होता. घरची जमीन डोंगरउताराची, वरकस. नागली आणि वरई पिकावयाची, तीहि कशीबशी वर्षाच्या कांहीं महिन्यांपुरती. दिवाळी सरली कीं आईबाप वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. मुलगा वसतिगृहांत राहून शिके. जादा वाचनाच्या तासास आम्ही 'कांदीद' इंग्रजी भाषांतरांतून वाचीत असूं, त्यास तो नियमानें येई आणि मागच्या बांकावर बसे. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळींत त्याचें पत्र आलें: वडिलांचा पाय भट्टीवर जायबंदी झाला आहे, आईबरोबर कोणीतरी गेलें पाहिजे, आपण कॉलेज सोडावें कीं कसें, सरांनीं सांगावें.

आम्ही संवयीप्रमाणें दोघां मित्रांस विचारिलें. इंजिनियर म्हणाले, 'शिष्यवृत्त्या आहेत, योजना आहेत. त्याला म्हणावें मुळींच सोडूं नकोस, सगळें ठीक होईल.' वकील म्हणाले, 'पदवी घेऊन तरी कोठें दिवे लागणार आहेत? आज घर उपाशीं आहे तें आधीं पाहा म्हणावें.' आम्ही दोन्ही बाजू तोलून पाहिल्या व उत्तर लिहिलें. तें पत्र आम्हांस अद्याप आठवतें. कारण लिहून झाल्यावर तें आम्हांस आवडलें होतें. एका परिच्छेदांत शिक्षणाचें माहात्म्य, दुसऱ्यांत कर्तव्याचें, आणि शेवटीं 'तूं सुज्ञ आहेस' असें म्हणून आशीर्वाद. प्राचार्यांकडे जाऊन त्याच्या रजेची खटपट करावी, शे-दोनशें रुपये पाठवावे, निदान एस्. टी. नें जाऊन यावें, यांपैकीं कांहींहि आम्हांस सुचलें नाहीं. मुलगा परत आला नाहीं. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें कांहीं दिवस गैरहजेरी पडत राहिली, मग नांवच कमी झालें.

गेल्या हिवाळ्यांत त्याचा फोन आला. मुक्त विद्यापीठांतून बी. ए. झाल्याला बरींच वर्षें झालीं होतीं. मोगरा लावला आहे, फुलांच्या दिवसांत एकदां येऊन पाहावें, असें त्याचें आमंत्रण होतें. चैत्रांत आम्ही निघालों, आणि अर्थातच तिघे निघालों. नाशिकहून त्र्यंबकेश्वरावरून मोखाडा, तेथून खोडाळा, मग सूर्यमाळेचा चढ. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाल्यापासून रस्ते कसे सुधारले, याचें विवेचन इंजिनियर पुढील बैठकीवरून करीत होते. मागील बैठकीवरून वकील प्रत्येक खड्डा मोठ्यानें मोजीत होते. जव्हार-मोखाड्याचा हा मुलूख पूर्वीं मुकण्यांच्या जव्हार संस्थानाचा. पावसाळ्यांत येथें ढग घरांत शिरतात म्हणतात. आम्ही गेलों तेव्हां मात्र डोंगर करपून तांबूस झालेले, मोहांचीं फुलें गळून गेलेलीं, आणि रस्त्याच्या कडेस रिकाम्या हंड्यांची रांग टँकरची वाट पाहत लागलेली. ज्या वैतरणेचें पाणी धरणांत अडवून मुंबईस नेलें आहे ती याच मुलखांतून वाहते. या एका दृश्यावरून आमच्या मित्रद्वयास पुढील तीन मैलांपुरता विषय मिळाला.

पाडा माळाच्या खालच्या अंगास होता. वनहक्क कायद्यानें नांवावर झालेला दीडएक एकराचा तुकडा, बांधाला काजू आणि आंबा, मध्यें मोगऱ्याच्या ओळी. मुलगा आतां चाळिशीकडे झुकलेला. कानांवरचे केस पांढरे. त्यानें वांकून नमस्कार केला. वडील वारले होते. आई ओटीवर बसून सूप पाखडीत होती. आम्ही बसतों न बसतों तोंच इंजिनियर म्हणाले कीं, प्रत्येक घरानें असा मोगरा लावला तर या तालुक्यांतून भट्टीवर कोणी जाणारच नाहीं. वकील म्हणाले कीं, प्रत्येक घरानें लावला तर दादरच्या फुलबाजारांत भाव असा पडेल कीं सगळेच भट्टीवर जातील. दोन्ही म्हणणीं आम्हांस बरोबर वाटलीं, आणि आम्ही तसें बोलणार होतों.

मुलानें दोघांचें ऐकून घेतलें आणि इंजिनियरांस विचारिलें कीं, खालच्या झऱ्यावरून नळी टाकली आहे पण पाणी मध्येंच थांबतें, तें जरा पाहतां कां? वकिलांपुढें त्यानें वनहक्काचा कागद ठेविला. त्यांतील क्षेत्र आणि मोजणीचें क्षेत्र जुळत नव्हतें. मत त्यानें विचारिलें नाहीं, काम सांगितलें. घटकाभरानें पाहावें तों आमचे आशावादी मित्र विजार गुडघ्यांवर गुंडाळून ओहोळांत उतरलेले, आणि नळींत हवा कोंडते ती कोठें हें हातानें चांचपीत आहेत. निराशावादी मित्र चष्मा कपाळावर चढवून कागदावर अर्जाचा मसुदा खरडीत आहेत. सूर्यास्तापर्यंत जगाच्या भवितव्याविषयीं दोघांपैकीं कोणीहि चकार शब्द काढला नाहीं. पस्तीस वर्षांत हें प्रथमच घडलें. आम्ही तेवढे ओटीवर बसून होतों.

रात्रीं जेवणें झाल्यावर मित्र निजले. आम्ही अंगणांत बसलों असतां अखेर पत्राचा विषय काढला. क्षमा मागावी असें घरून ठरवून आलों होतों. तोंडांतून निघालें तें इतकेंच कीं, 'माझें पत्र तुला मिळालें होतें ना?'

'मिळालें होतें, सर. तीनदां वाचलें. चांगलें होतें, त्यांत एकहि चूक नव्हती.' थोडा वेळ थांबून तो म्हणाला, 'दुसऱ्या दिवशीं मुकादम आला. त्याच्याजवळ एकच मत होतें, आणि उचल रोख होती.'

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. मग त्यानेंच विषय बदलला. भट्टीवर असतांना 'कांदीद'ची प्रत त्याच्या पेटींत होती. ती वसतिगृहाच्या ग्रंथालयाची. परत करावयाची राहून गेली, याबद्दल तो अजून ओशाळा होतो. 'सर, तुम्ही तासाला काकांबोचें नांव एकदांच घेतलें होतें,' तो म्हणाला. 'नोकर म्हणून.'

काकांबो आमच्या टिपणांत खरोखरच एका ओळींत होता. दक्षिण अमेरिकेंतला, मिश्र रक्ताचा; सेवेकरी, खलाशी, शिपाई असे नाना धंदे करून आलेला; रानटी लोकांनीं कांदीदला बांधलें तेव्हां त्यांच्या भाषेंत बोलून त्यास सोडविणारा. त्यास कसलाहि सिद्धांत नाहीं, म्हणून त्यावर प्रश्न निघत नाहीं. आम्ही तसें म्हटल्यावर तो म्हणाला, 'शेवटचें प्रकरण पुन्हां वाचून पाहा, सर. बागेचा निश्चय कांदीद मागून करतो. त्याच्या आधींच काकांबो ती बाग खणीत असतो. भाजी घेऊन तो कॉन्स्टँटिनोपलला विकायला जातो, कामानें पिचून जातो, नशिबाला शिव्या देतो. त्या वेळीं बाकीचे सगळे बसून बोलत असतात. आणि मग प्रत्येकाला कोणतें काम मिळालें याची यादी येते ना, कोणी मिठाई करते, कोणी भरतकाम, कोणी सुतारकाम, त्या यादींत काकांबोचें नांवच नाहीं. मीं भट्टीवर दोनदां शोधलें.'

पंचवीस वर्षें शिकविलेल्या पुस्तकांतील ही गोष्ट आमच्या नजरेस आली नव्हती. परत आल्यावर आम्ही तें प्रकरण काढून पाहिलें. तो म्हणाला तसेंच आहे. आमचा तो पक्ष-प्रतिपक्ष-समन्वय काकांबोस वगळल्यावरच जमतो. नायकाची दृष्टि दोन बोलक्या सोबत्यांच्या ओढाताणींतून घडते, असें आम्ही सांगत आलों; परंतु जो तिसरा न बोलतां भाजीची टोपली डोक्यावर घेऊन जातो, त्याच्यावर नायकाचें जेवण चाललेलें असतें. सांको पांझाजवळ म्हणी आहेत, म्हणून तो टीकाकारांच्या ध्यानांत राहिला. गुंड्याभाऊस दंडा आहे. सुदाम्याच्या त्रयींत तर असा कोणी नाहींच. तीं तीन गृहस्थमाणसें पोहे खातात, पण ते पोहे कोणीं कांडले याचा पत्ता त्या अठरा धान्यांच्या कडबोळ्यांत आम्हांस आठवत नाहीं. कोल्हटकरांनीं तो मुद्दाम दिला नसेल. आम्हीं तो कधीं विचारला नाहीं, हें मात्र खरें.

'मग तुला कांदीदचा राग आला असेल,' आम्ही म्हटलें.

'नाहीं, सर. तो निदान शेवटीं आला,' तो म्हणाला, आणि उठला. 'पहांटे चारला तोडणी आहे. तुम्ही झोपा.'

चारला आम्ही जागेच होतों. बाहेर तीन-चार बॅटऱ्या ओळींमधून हालत होत्या. तो, त्याची बायको, आई आणि शेजारची एक मुलगी. काळोखांत मोगऱ्याचा वास इतका दाट कीं तो हातानें बाजूस सारावा. आम्ही अंगणांत उभे आहों असें पाहून त्यानें न बोलतां एक टोपली आमच्या हातीं दिली. कळी देंठाशीं धरून कशी खुडावी तें एकदां दाखविलें आणि आपल्या ओळीस गेला. आमची कंबर पहिल्या पांच झाडांतच बोलूं लागली. ओळ संपवून टोपली आम्ही काहींशा अभिमानानें त्याच्या आईपुढें नेऊन ठेविली. म्हातारीनें ती ओल्या फडक्यावर पालथी केली, बॅटरी जवळ धरली, आणि आमच्या तोडणींतलीं फुलें एकेक करून बाजूस काढूं लागली. निम्म्याहून अधिक निघालीं.

'बाबा, उमललेलं नाय चालत,' ती म्हणाली. 'दादरला जाईतवर मरतंय. मिटलेली कळी घ्या.'

वरच्या वाटेवर जीपचा हॉर्न वाजला. सहाच्या आंत कसारा गांठावयाचा होता. आम्ही टोपली उचलली आणि पुढच्या ओळीस लागलों.